ओगलेकाकांची परवानगी

आमच्या वाडीतून शाळेला जायची वाट इनामदारांच्या शेताच्या कडेनं होती. एका वर्षी त्यांचं वाडीशी वाजलं आणि त्यांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. वडील मामलेदाराकडे गेले. उत्तर मिळालं, "इंग्रजांच्या मोजणीच्या नकाशात इथं रस्ता नाही. सरकारी रस्ता डाकबंगल्यापर्यंतच." ओढ्याकडून वळसा घालावा, तर पावसाळ्यात पाणी छातीला लागायचं. आधी ताईची शाळा सुटली, पाठोपाठ सातवीत माझी. लग्न होऊन इंग्लंडात वॉटफर्डला आले, तेव्हा इंग्रजीत सहीसुद्धा येत नव्हती.

हे मी शेजारच्या ओगलेकाकांना सांगितलं तेव्हा वाटलं, हा माणूस हळहळेल. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "करेक्ट! गॅझेटात नाही ना? मग तो रस्ता नव्हताच!"

ओगलेकाकांची ही तऱ्हाच होती. लंडनमध्ये ईलिंगला कोणाची वास्तुशांत असली की सगळे नवं किचन बघायचे आणि काका बाहेर फुटपाथवर उभे. "रस्ता कौन्सिलनं ताब्यात घेतलाय का? नाही? मग घर घेतलंत, पण रस्ता नाही घेतला." यजमानांच्या घशात शिरा अडकायचा. काकू दुरूनच डोळे वटारायच्या.

इथं यायच्या आधी काका केनियात सर्व्हे खात्यात नकाशे काढायचे. तिथं रस्ता कसा जन्मायचा, हे ते कीर्तनकाराच्या थाटात सांगत. "गव्हर्नरसाहेबांनी गॅझेटात छापलं, अमुक टेकडीपासून तमुक नदीपर्यंत सार्वजनिक रस्ता, रुंदी एक साखळी, म्हणजे सहासष्ट फूट. संपलं! गवत जागच्या जागी, जिराफ जागच्या जागी, पण रस्ता झाला."

"आणि लोक पिढ्यान् पिढ्या बकऱ्या घेऊन जात होते, ती वाट?" मी विचारायची.

"तिला कोण विचारतो? ती गॅझेटात नाही."

मला राग यायचा. पण याच माणसानं मला कॉलेजात घातलं, हेही सांगायला हवं. "अगं सुनंदा, कॉलेज मागच्या त्या बागेपलीकडे आहे. संध्याकाळी जा. मीराला आम्ही बघतो." आणि बघितलंही. माझी मीरा ओगल्यांच्या घरात वरणभात खात वाढली. शाळेत टीचरनं रोड सेफ्टी शिकवली, तर ही विचारते, "मिस, पण हा रोड डिक्लेअर झाला आहे का?"

आमच्या घरांमागून मिसेस हॉब्ज नावाच्या बाईंच्या सफरचंदांच्या बागेच्या कडेनं, त्यांच्याच जागेतून एक पायवाट थेट कॉलेजच्या फाटकाशी निघायची. सगळी गल्ली वर्षानुवर्षं तिचा वापर करायची. मी साडीवर ओव्हरकोट, पायात ट्रेनर्स, हातात पोळीची गुंडाळी, अशी पळत सुटायची.

"अगं, निदान बाईंना विचार तरी!" काका खिडकीतून ओरडायचे.

"वेळ कुठाय काका!"

काका मात्र दर दिवाळीला चकल्यांची डिश घेऊन मिसेस हॉब्जकडे वर्षभराची परवानगी काढायला जायचे. सूट, टाय, वर मफलर. आम्ही हसायचो. काकू गेल्या त्या वर्षी दिवाळी करायची नव्हती, तरी काका माझ्याकडच्या चकल्या घेऊन गेले. "परवानगी संपतेय," म्हणाले.

मग मिसेस हॉब्ज वारल्या. नव्या मालकानं घरासकट बाग घेतली आणि एका सकाळी वाटेच्या तोंडाशी सहा फुटी फळ्या ठोकल्या. मी त्या फळ्यांसमोर उभी राहिले आणि मला इनामदारांच्या बाभळी दिसल्या. पण आता मी सातवीत शाळा सुटलेली मुलगी नव्हते, पदवीधर होते. आमच्या घराण्यातली पहिली. तडक लायब्ररीत गेले आणि कायदा वाचून आले.

"काका, इथं वेगळंच आहे. लोक वीस वर्षं उघडपणे, न अडवता, कोणाच्याही परवानगीशिवाय चालले, की वाट सार्वजनिक धरतात."

काका चहाचा कप तसाच धरून बसले. "गॅझेट नाही? गव्हर्नर नाही? नुसते पाय घासून?"

"नुसते पाय घासून."

"आणि हेच इंग्रज आम्हाला तिकडे केनियात..." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "घरी एक कायदा, दारी एक. चल, भांडू."

सगळी गल्ली उभी राहिली. सुनावणी टाऊन हॉलमध्ये झाली. सुनावणी घेणारे सरकारी इन्स्पेक्टर शांत गृहस्थ होते, पण मालकाचा वकील तयारीचा होता. काका कोणाहीपेक्षा जास्त वर्षं चाललेले, म्हणून पहिला साक्षीदार तेच.

"मिस्टर ओगले, तुम्ही कधी परवानगी मागितली होती?"

मी खाली मान घालून पुटपुटले, "काका, नाही म्हणा..."

"नॅचरली!" काका ताठ उभे राहून म्हणाले. "एव्हरी दिवाळी. विथ चकली."

वकिलानं हसून पेनाला टोपण लावलं. एवढ्या वर्षांचं काकांचं चालणं एका चकलीत बाद झालं.

पुढची मी. तोच प्रश्न.

"नेव्हर," मी म्हटलं. "आय वॉज ऑलवेज लेट."

हॉल हसला. मागून चारपाच जण ओरडले, "मी टू!"

परत येताना मी काकांवर उखडले. "कायदा मी तुमच्याकडून पाठ करून घेतला होता! आणि मुळात दर वर्षी विचारायला जायची गरज काय होती?"

काका चालत राहिले. बंद फळ्यांपाशी थांबले. "साक्षीला उभं राहून खोटं कसं बोलू? आणि विचारायचं म्हणशील, तर पहिली काही वर्षं खरंच विचारायला जात होतो, जुनी सवय. पुढे बाई एकट्या पडल्या. मग काकू गेली, मीही एकटा. त्या चहा करायच्या, तासभर बसवायच्या. नुसतं चहाला येऊ का, असं कसं विचारायचं गं? काहीतरी काम हवं ना."

 हा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

निकाल गल्लीच्या बाजूनं लागला. फळ्या निघाल्या आणि वाटेच्या तोंडाशी 'पब्लिक फुटपाथ' अशी हिरवी पाटी लागली. काकांनी तिच्यावरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, "झालं. आता परवानगी मागायला कोणी उरलं नाही."

"नाहीच उरलं," मी म्हटलं. "आमच्याकडेही मागायची नाही. रोज चारला चहा असतो."

वाट आता कौन्सिलच्या नकाशावर आहे. कॉलेजची मुलं तिच्यावरून पळत जातात. आणि ओगलेकाका रोज चारला आमचं मागचं दार उघडून आत येतात, न विचारता.