बचतरावांची डबी

कक्षप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि ती आपल्यालाच मिळायला हवी, याबद्दल वरिष्ठ लिपिकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती साहेबांच्या मनात. ती दूर करायची तर काहीतरी करून दाखवायला हवं होतं, आणि सबंध नोकरीत तशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्यांच्या टेबलावर तीन संगणक होते. एकात जुने हिशेब होते. तो बंद केला तर पुन्हा चालू होईल अशी खात्री कुणीच देत नसल्यामुळे तो कायम चालू असे. दुसरा कार्यालयीन कामाचा. तिसरा इंटरनेटचा, आणि सुरक्षेच्या कारणास्तव त्याने पहिल्या दोघांशी कसलाही संबंध ठेवू नये असा आदेश होता. तिघांचे तीन मॉनिटर, तीन कीबोर्ड, तीन माउस. चहाचा कप ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे लिपिकांना तो हातात धरावा लागे, आणि हात अडकल्यावर काम कसं होणार?

एक दिवस त्यांनी बाजारातून एक डबी आणली. एकच कीबोर्ड, एकच माउस आणि एकच मॉनिटर तिला जोडायचा. बटण दाबलं की हे सगळं सामान या संगणकाचं, पुन्हा दाबलं की त्या संगणकाचं. साहेबांनी स्वतः बटण दाबून पाहिलं, आणि मग दुपारभर तेच करत राहिले. संध्याकाळी त्यांनी शेरा मारला, "अनुकरणीय." त्या दिवसापासून लिपिकांचं नाव बचतराव पडलं. त्यांना ते मनापासून आवडलं, हेही इथे नमूद केलं पाहिजे.

अनुकरण लगेच सुरू झालं. एका माणसाचे तीन संगणक एका कीबोर्डवर चालतात, तर तीन माणसांचे का चालू नयेत? टंकलेखिकाबाई आणि आवक-जावक पाहणारे काका यांचं सामान काढून घेतलं, त्यांचे संगणक एका मोठ्या डबीला जोडले आणि दोघांना खुर्च्यांसकट बचतरावांच्या टेबलाशी आणून बसवलं.

"बचतराव, माझं पत्र अर्धं राहिलंय हो," बाई म्हणाल्या.

"बाई, आत्ता नंबर काकांचा आहे."

"काका तर झोपलेत!"

"झोपले तरी नंबर त्यांचाच. नियमच आहे तसा."

नियम बचतरावांनीच केला होता. मग बटणावरून रोज तंटे होऊ लागले, म्हणून लांब वायर ओढून बटण साहेबांच्या केबिनमध्ये नेण्यात आलं. साहेब आठवण झाली की ते दाबत. त्यामुळे वाक्य एका संगणकात सुरू होऊन दुसऱ्यात संपू लागलं. एका नागरिकाला, त्याची नळजोडणी मंजूर झाली असून सबब तो महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहे, असं पत्र गेलं. त्याने आभाराचं उत्तर पाठवलं.

यथावकाश मूल्यमापन समिती आली. तिने कक्षाचं बारकाईने निरीक्षण केलं आणि अहवाल दिला: कोणत्याही क्षणी एकच कर्मचारी काम करतो, उर्वरित दोघे त्याच्याकडे बघत बसतात, सबब दोघे अतिरिक्त.

काकांची बदली गोदामात झाली. बाईंना घरी बसायला सांगितलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "डबी छान आहे हो तुमची." बचतरावांना फार वाईट वाटलं, मान वर करून बघवेना. पण आता कक्षप्रमुखाच्या जागेला दुसरा दावेदारच उरला नाही, हा विचारही त्याच क्षणी मनात आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. लाज वाटत असतानाच ते साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, ते कक्षप्रमुखाच्या जागेचं..."

"ती जागा रद्द केली. अहो, कक्षात माणूस एक. प्रमुख कुणाचे होणार तुम्ही?"

"मग माझं काय, साहेब?"

"तुमचंच तत्त्व पुढे नेलंय. शेजारच्या दोन्ही कक्षांचे लिपिकही कमी केले. आता साहेब तिघे, तुम्ही एक. ज्याची बेल वाजेल, त्याचे तुम्ही."

बचतरावांनी आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या केबिनमधली बेल वाजली. आक्षेप तसाच अर्धा टाकून ते तिकडे धावले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती मोबाइलमध्ये बघत होती.

"हं," ती म्हणाली.

"अगं, ऐकतेस का? माझी बढती गेली! कायमची गेली!"

तिने मान वर केली. "अहो, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, हे मी किती दिवस सांगतेय. तुम्ही रोज 'हं' म्हणता. त्या बिचाऱ्या आज एकट्याच गेल्या."

बचतराव उठले आणि आईंच्या खोलीकडे गेले.

तुम्हाला हसू येतंय, येऊ द्या. पण हे वाचता वाचता मघाशी तुम्हीही घरात कुणाला तरी 'हं' म्हणालात. उठा, आणि काय विचारलं होतं ते जाऊन विचारा.