दोन दंडांचे अकरा रुग्ण

गोचीड चावल्याने होणारा लाइम नावाचा आजार परभणी जिल्ह्यात आहे की नाही, याची कार्यालयात नोंद नव्हती. नोंद नसल्यामुळे तो कोणाला झालाही नव्हता. ही सुव्यवस्था वरून आलेल्या एका पत्राने मोडली. पालम तालुक्यातील बोरमाळच्या अकरा मेंढपाळांचे रक्त तपासणीस पाठवावे. नमुने फक्त सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत घ्यावेत.

काम आरोग्यसेवक उद्धव देव यांच्याकडे आले. उद्धवराव चोख मनुष्य. ते स्वतः माळावर गेले, मेंढरांशेजारी बाभळीखाली बसले आणि अकरा अर्ज भरून आणले. येताना मांडीला काहीतरी चिकटले होते, ते त्यांनी उपटून फेकले. अर्जात त्यासाठी रकाना होता. पण तो फक्त मेंढपाळांचा होता.

रक्ताच्या नमुन्यांसाठी नळ्या सात आठवड्यांनी आल्या आणि त्याच दिवशी भरून मागवण्यात आल्या. उद्धवरावांनी कळपाच्या कारभारीण भिवराबाईंना फोन लावला.

"आजी, चारच्या आत सगळे उपकेंद्रात या."

"आन् मेंढरं कुणाकडं सोडू? दिवस मावळल्यावर या, पायजे तितकं रक्त घ्या."

"मावळल्यावरचं चालत नाही."

"का? तवा निराळं असतंय का?"

या प्रश्नाचे उत्तर पत्रात नव्हते. साडेतीन वाजता उद्धवरावांनी तंत्रज्ञ हरिओमपुढे बाही वर केली. डाव्या दंडातून सहा नळ्या भरल्या, उजव्यातून पाच. नमुन्यांत विविधता राहावी म्हणून. वर अकरा जणांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिली.

अहवाल आला. अकराच्या अकरा बाधित, आणि तेही अगदी सारख्याच प्रमाणात. 'इतकी शिस्तबद्ध साथ माझ्या सेवेत पाहिली नाही,' असा शेरा वरिष्ठ अधिकारी व्यंकटराव यांनी मारला. बोरमाळला 'साथग्रस्त गाव' असा फलक लागला. अकरा जणांना एकवीस दिवसांच्या गोळ्या मंजूर झाल्या. प्रत्येक गोळी उद्धवरावांच्या समक्ष गिळायची आणि वहीत अंगठा द्यायचा, असे ठरले.

एव्हाना उद्धवरावांचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"सर, माझंही रक्त तपासलं तर?" त्यांनी विचारले.

"तुम्ही मेंढपाळ आहात का?"

"नाही."

"मग तुम्हाला कसा होईल? अकरापैकी अकरा मेंढपाळ निघाले. बिगर-मेंढपाळ एकही नाही. आकडे वाचत जा."

उद्धवराव गोळ्या घेऊन लंगडत माळावर गेले. भिवराबाई वाटच पाहत होत्या.

"रक्त दिलं न्हाई अन् रोगी झालो! माझ्या नातवाला, बिरदेवाला, मानवतची सोयरीक आलती. ते लोक आता म्हणायलेत, पोराच्या रक्तात दोष हाय. कुठून आणलं तुमी आमचं रक्त?"

उद्धवराव खाली बसले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. म्हातारीने त्यांचा गुडघा चाचपून पाहिला.

"लय ठणकतंय का?"

"झोप येत नाही, आजी."

"आणा ती वही. अंगठे आमी देतो, माझ्या वाटची गोळी तुमी गिळा. पर पाय बरा झाला की खरं सांगायचं."

एकवीस दिवसांत गुडघा उतरला. मग फेरतपासणीला व्यंकटराव स्वतः आले. ते दिवस मावळल्यावर पोचल्यामुळे वेळेचा नियम शिथिल झाला आणि मेंढपाळांचे खरे रक्त प्रथमच नळीत पडले. अकराही निर्दोष! शंभर टक्के रुग्ण बरे करणारा अधिकारी म्हणून व्यंकटरावांचा सत्कार ठरला.

उद्धवराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "सर, पहिलं रक्त माझं होतं. अकराही नळ्यांतलं."

व्यंकटरावांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुमच्यावर कारवाई केली, तर अकरा रुग्ण कमी होतील. रुग्ण कमी झाले, की बरे झालेलेही कमी होतील. आकडा वर पाठवून झालाय, देव. ते रक्त आता तुमचं राहिलेलं नाही."

मग उद्धवराव एसटीने मानवतला गेले. मुलीचे वडील रामप्रसाद यांच्यापुढे त्यांनी हात जोडले. "बिरदेवला काही झालं नव्हतं. आजारी मी होतो."

रामप्रसादांनी बिरदेवचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र पुढे ठेवले. "बरा झाला म्हणून लिवलंय. बरा झाला म्हंजी रोग झाला व्हताच की! शिक्क्याचा कागद खोटा आन् तुमी खरे?"

सोयरीक मोडली. भिवराबाईंनी उद्धवरावांना दोष दिला नाही; त्या फक्त त्यांचा फोन उचलेनाशा झाल्या.

बोरमाळची पद्धत आता सर्वत्र लागू आहे. प्रत्येक गावातल्या एका चोख माणसाचे रक्त घेऊन ते बाकीच्यांच्या नावावर लावण्यात येते. आपल्याकडे कोणी सुई घेऊन आलेच नाही, अशी तक्रार वाचकांनी करू नये. आपला अहवाल आलेला आहे आणि आपण ठणठणीत आहात. तरीही अंगात ताप वाटत असल्यास, नोंदीप्रमाणे तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.