जुन्या डिस्कची सीनियारिटी

आमच्या शेजारच्या नरहररावांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. जिन्यात थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "रुजू कधी झालात?"

मला वाटलं, नोकरीबद्दल विचारतायत. मी कंपनीबद्दल सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "नोकरीचं नक्को. हैदराबादेत रुजू कधी झालात?"

"मागच्या आठवड्यात. पुण्याहून."

"म्हणजे प्रोबेशनवर," असं म्हणून त्यांनी खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं आणि मला वाट करून दिली. नाव विचारलं ते दोन महिन्यांनी. चुकून त्यांच्याकडे आलेलं माझं पार्सल हातात होतं आणि त्यावरचं नाव माझंच आहे, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

नरहरराव बोरगावकर मूळचे हैदराबादेतल्याच गौलीगुड्याचे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत, आणि तिथे काम एकच, ज्येष्ठता यादी करायची. कोण कोणाच्या आधी लागलं, कोणाला डावलून कोण वर गेलं, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन चिक्कडपल्लीच्या आमच्या इमारतीत राहायला आले तेव्हा कचेरी मागे राहिली, यादी मात्र सोबत आली. लिफ्टचं दार उघडलं की ते बाजूला उभे राहतात आणि इमारतीत आधी राहायला आलेल्यांना आधी आत सोडतात. तळमजल्याचे रेड्डी सगळ्यांत जुने, त्यामुळे त्यांना आग्रह करून करून आत घेतात. रेड्डींना लिफ्टने कुठे जायचंच नसतं, तरीही. गेल्या गणपतीत आरतीचं तबक याच क्रमाने फिरलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा कापूर विझून गार झाला होता. बेगम बाजारात ते मिरच्या घेतात त्या सगळ्यांत जुन्या दुकानातून, आणि त्यांच्या घरी जुन्या लोणच्याची बरणी संपल्याशिवाय नवीचं झाकण उघडत नाही. कशावरूनही वाद झाला की ते शांतपणे म्हणतात, "रुजू तारीख बघा," आणि वाद मिटल्यासारखे निघून जातात.

मी याच्या अगदी उलट. मला थांबता येत नाही. मायक्रोवेव्हसमोर तीस सेकंद उभं राहायचं तरी मी पाय आपटते. त्यात कामही तसलंच, दिवसभर बंद पडलेले सर्व्हर उठवायचे. त्यामुळे एका सकाळी नरहररावांनी बेल वाजवून "बाई, आमचा कंप्यूटर उठत नाही," म्हटलं तेव्हा मी दात घासायचा ब्रश तोंडात ठेवूनच त्यांच्याकडे गेले.

त्यांचा कंप्यूटर म्हणजे टेबलाखाली ठेवलेलं करडं खोकं. त्यावर क्रोशाचं कव्हर, कव्हरावर हळदी-कुंकवाचं बोट. त्यांची मुलगी मंजू ऑस्ट्रेलियात असते. तिच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ झाली की इथल्या सकाळी सातला ती व्हिडिओवर येते. मोबाइलवर का नाही घेत, असं मी विचारलं. "मोबाइलमध्ये मंजू बोटाएवढी दिसते. घरात आई आहे तिची. तिला लेक पूर्ण दिसायला पाहिजे की नै?" त्या दिवशी फोन चुकला होता. नरहरराव दुपारपर्यंत गॅलरीत फेऱ्या घालत होते. मी माझ्या गॅलरीतून बघत होते आणि माझाही जीव खालीवर होत होता.

आजार साधा होता. आतली डिस्क सोळा वर्षांची. सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायची आणि तेवढा वेळ जात्यात खडे पडल्यासारखी घरघरत राहायची. कधी मध्येच अडकायची, की गेला फोन. मी नवी डिस्क आणून बसवली. ही बिनआवाजाची, वीस सेकंदांत तयार. जुनी काढायला लागले तर नरहररावांनी हात धरला. "काढू नक्को. बसू द्या तिला एका बाजूला." ठीक आहे, राहू दे. सुरू होतानाच एक बटण दाबून निळा पडदा उघडला, त्यातल्या यादीत नवी डिस्क पहिली केली, जुनी दुसरी. कंप्यूटरने कोणाकडे आधी जायचं, याची ती यादी. नरहरराव खांद्यामागून बघत होते. मी कुठलं बटण दाबते, तेही त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मला त्याचं कौतुकच वाटलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून पुन्हा घरघर. जाऊन बघते तर जुनी डिस्क पहिल्या नंबरावर.

मी नवी पहिली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनी. अशा वेळी पहिला संशय आत असते त्या रुपयाएवढ्या बॅटरीवर. ती संपली की कंप्यूटर सगळं विसरतो. पण मग तो तारीखही विसरतो, आणि इथे तारीख अगदी बरोबर होती. तरी बॅटरी बदलली. मग वायरींची अदलाबदल केली. जुनी पुन्हा वर. माझं ऑफिसात लक्ष लागेना. मोठमोठे सर्व्हर माझं ऐकतात आणि हे क्रोशाचं कव्हर घातलेलं खोकं मला जुमानत नाही, हे मला सहनच होत नव्हतं. या सगळ्या खेपांत काकू, म्हणजे नरहररावांच्या पत्नी, आतल्या दारात यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "ह्या कोण?" नरहरराव म्हणायचे, "शेजारच्या. प्रोबेशनवर आहेत." काकूही पुणेकरांची फिरकी घेतात, असं मला वाटायचं. मी हसायचे.

शनिवारी न सांगता साडेसहालाच गेले. दूध घेतल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं. नरहरराव कंप्यूटरसमोर बसले होते. समोर तोच निळा पडदा, मांडीवर डायरी. एका बोटाने ते जुन्या डिस्कला वर सरकवत होते.

"नरहरराव, हे तुम्ही करताय?"

ते दचकले, पण बोट बटणावरून काढलं नाही. "सोळा वर्षं सर्व्हिस झालेल्याला खाली ढकलून परवा लागलेल्याला वर बसवायलात तुम्ही. रुजू तारीख बघा."

मग मात्र मी भडकले. आठवडाभर मी भुतासारखी वायरी उपसत होते आणि हे साळसूदपणे डायरीत टिपणं घेत होते. "ती डिस्क मरायला टेकलीय. एक दिवस उठणारच नाही. मंजूचा फोन कायमचा चुकला तर चालेल का तुम्हाला?"

"आहिस्ता बोला," ते म्हणाले. नजर आतल्या दाराकडे. "बसा की जरा."

घरघर सुरू झाली. मी बसले, उठले, परत बसले. तीनेक मिनिटांनी आतून सपातांचा आवाज आला. काकू केस मोकळे सोडून स्वतःच बाहेर आल्या. "सुरू केलंत का? मंजूची वेळ झाली," म्हणाल्या आणि ठरलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग माझ्याकडे वळून, "ह्या कोण?"

"शेजारच्या. प्रोबेशनवर आहेत." नरहररावांनी ड्रॉवरमधून फणी काढली, काकूंच्या मागे उभे राहिले आणि केस विंचरायला लागले. वेणी त्यांना बेताचीच जमते. कुंकू मात्र अगदी मधोमध लावलं. तेवढ्यात अकरा मिनिटं झाली, आणि पडद्यावर मंजू आली.

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता ते माझ्याकडे न बघता बोलले. "सात वाजले म्हटलं तर तिला कळत नाही. मंजूचा फोन आहे म्हटलं तर कोण मंजू म्हणते. ती घरघर ऐकली की मात्र आपल्या पायांनी येते. इतक्या वर्षांची सवय. तुमची नवीन चांगली आहे हो, पण तिला आवाजच नाही. दोन दिवस ठेवून बघितली. ही बाहेर आलीच नाही. मंजूला सांगितलं, झोपलीय."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं, बाई? लोकांना सांगितलं की लोक यादीतून नाव काढून टाकतात. विचारायचंच बंद करतात तिला. कचेरीत बघितलंय मी."

काकूंच्या 'ह्या कोण'ला मी इतके दिवस हसत होते, याची लाज वाटली. चहा घेऊन घरी आले आणि दुपारभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. जुनी डिस्क आज ना उद्या जाणार होती, आणि ती गेली की काकूंची सकाळही जाणार होती.

रविवारी सकाळी पावणेसातला त्यांच्याकडे जाऊन मी माझ्या मोबाइलवर आधी ती घरघर पूर्ण अकरा मिनिटं रेकॉर्ड करून घेतली, जुनी डिस्क कायमची बंद पडेल तेव्हा वाजवता यावी म्हणून. काकू नेहमीसारख्या आल्या, फोन झाला, त्या आत जाऊन पडल्या. मग मी कामाला लागले. नवी डिस्क पहिली केली. आणि असं बसवलं, की ती उठली की लगेच जुनीला कामाला लावेल. अकरा मिनिटं तिने आपल्याकडचे जुने फोटो एकामागून एक नुसते वाचत राहायचे. कामाचं काही नाही, फक्त घरघरायचं.

नरहररावांनी यादी बघितली. कपाळाला आठ्या. "म्हणजे खाली उतरवलंत तिला."

"उतरवलं नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून ठेवलंय."

हे त्यांना पटलं. असे सल्लागार त्यांनी पाहिलेले होते.

सोमवारी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. पावणेसातला बटण दाबलं. वीस सेकंदांत पडदा तयार झाला आणि मग टेबलाखाली घरघर सुरू झाली. पण चाल जरा वेगळी होती, तेवढं मलाही कळत होतं. एक मिनिट गेलं. दोन. चार. नरहररावांच्या हातात फणी, आणि ते तिचे दात बोटाने मोजल्यासारखे चाळवत होते. मी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती. उठले तर आवाज होईल, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा जागची हलले नाही.

सातव्या मिनिटाला सपाता वाजल्या.

"सुरू केलंत का?" काकू दारातून म्हणाल्या. "आज मला उशीरच झाला." त्या खुर्चीत बसल्या, आणि नरहररावांनी दोनदा खाकरून फणी त्यांच्या केसांत घातली. काकूंनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"ह्या कोण?"

नरहरराव विंचरायचे थांबले. कचेरीत एखाद्या फाइलवर शेवटची सही करताना थांबत असतील, तेवढा वेळ थांबले.

"ह्या आपल्याच," ते म्हणाले. "कायम झाल्या आजपासून."