उलट्या पावलांनी वाचलेली कादंबरी

काकूंच्या देखत मी कादंबरीचा शेवट सांगून टाकला. कुणी विचारलाही नव्हता.

कादंबरी यरुशलेमच्या एका लेखकाची. हिब्रूत लिहितो, हयात आहे, जगभर मान आहे. वसमतमध्ये मात्र त्याचा भक्त एकच. आमच्या शेजारचे, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले विठ्ठलकाका. ते त्याला ‘आमचे यरुशलेमवाले’ म्हणतात, जणू जवळच्या हट्टा गावचे साडू. हा लेखक आधी अंगण झाडतो आणि मगच लिहायला बसतो, असं कुठल्याशा मुलाखतीत वाचल्यापासून काकाही झाडू मारूनच पुस्तक उघडतात.

गेल्या दिवाळीपासून तर कहरच झाला. भर अंगणात पुस्तक डोळ्यांपुढं धरून, मोठ्यानं वाचत काका चक्क उलटे चालू लागले.

“हे काय काका?” मी कुंपणावरून विचारलं.

“सर, हिब्रू उजवीकडून डावीकडं चालती. आपणबी जरा उलटं चालून बघावं. बराबर हाय का न्हाई?”

मी ‘बराबर’ म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. कॉलेजात भाषाप्रेमाचं उदाहरण म्हणून वर्गात सांगूनही आलो. वॉकर सरकवत त्यांच्या रोखानं येणाऱ्या काकू रोज दिसायच्या. मला वाटायचं, नवऱ्याला आवरायला निघाल्यात.

गोष्ट होती एका म्हाताऱ्या घड्याळजीची. बायको रुसून बहिणीकडं गेलेली, आणि हा दर शुक्रवारी तिला आणायला जाणार. पान इंग्रजी अनुवादाचं, पण काकांच्या तोंडून निघायची अस्सल वसमतची मराठी. ऐकून मीही ते पुस्तक मागवलं, वाचून संपवलं आणि उत्साहानं कुंपण गाठलं. काकांचा घड्याळजी तेव्हा बसथांब्यावर उभा होता.

“काका, मरतो ना तो शेवटी! बायको यायच्या आधीच!”

काका थांबले. समोर काकूही थांबल्या. काका कुंपणापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही खाटंवरून उठंना. हाड जुळलं, भ्या गेलं न्हाई. मी वाचत मागं सरकतो, तवा कुठं ऐकायला म्हणून पुढं येती. पुस्तक कवाच संपलं, मीच लांबवून राहिलो. आता कशाला चालंल ती?”

मला कुंपणाच्या खाली बसावंसं वाटलं.

“कुजबुज काहून लावली?” काकू कडाडल्या. “पुस्तकात मेला आसंल तो. परवा ह्यांच्या गोष्टीत यरुशलेमचा माणूस मोंढ्यात हळदीचा भाव विचारून राहिला, तवाच कळलं, हे काई छापलेलं न्हाई. पण बायको आली का न्हाई त्याची? ते सांगा. चला, सरका मागं.”

आणि त्यांनी वॉकर भिंतीकडं ढकलून दिला.

काकांनी पुस्तक मिटून काखेत मारलं. दोन्ही हात पुढं करून एक पाऊल मागं गेले. काकूंनी एक पाऊल पुढं टाकलं, मग दुसरं.

“तर काय झालं,” काका सांगू लागले, “ती बसमधून उतरली...”

झालेलं निस्तरावं म्हणून मी म्हणालो, “पण काकू, मूळ कादंबरीत—”

“सर,” काकू न थांबता म्हणाल्या, “तुमच्या तासाला लेकरं बसतात तरी का?”