रिकामी पाकिटं कामावर आहेत

म्हसवडच्या सुलाबाईंची रक्तदाबाची गोळी संपली. गोळी संपणे ही नैसर्गिक घटना आहे. ती संपली असे ठरणे ही मात्र कार्यालयीन घटना असून तिचे अधिकार साताऱ्याच्या आरोग्यविमा शाखेकडे आहेत.

कलम दोन : जुनी गोळी संपल्याखेरीज नवी मिळणार नाही. रिकामे पाकीट हाच संपल्याचा पुरावा.

"पाकिटं कुठायत, मावशी?" शाखेतल्या यशराजने विचारले.

"कामावर हायती."

"कुणाच्या?"

"आमच्याच. ज्वारीत दोरीला बांधल्यात. वाऱ्यानं चकाकली की पाखरं उठत्यात."

यशराज नम्र होता. नाही म्हणण्याआधी तो चहा विचारायचा. त्याने पाहणीची विनंती वर पाठवली आणि वरून निरीक्षक खाली आले. ते म्हसवडला बांधावर उभे राहिले. ज्वारी हुरड्यात होती, पाकिटे लखलखत होती, एकही पाखरू नव्हते. निरीक्षकांनी निष्कर्ष काढला : पाकिटे उत्तम काम करत आहेत. वापरात असलेली वस्तू संपली असे मानता येत नाही.

"आवं, पर गोळ्या तर मी खाल्ल्या न्हवं?"

"गोळ्या हा पाकिटाचा एक भाग झाला, बाई."

सुलाबाईंचे पती आकाराम यांनी त्याच दिवशी दोरी सोडली. पाखरांना ते कळायला अर्ज करावा लागला नाही. पाकिटे साताऱ्याच्या टेबलावर ओतली, तर उन्हाने त्यांच्यावरची अक्षरे उडालेली.

"ही कशाचीही असतील," यशराज म्हणाला. "चॉकलेटचीसुद्धा."

"रोज सकाळी उपाशीपोटी चाकलेट कोण खातं रं?" आकाराम म्हणाले.

यशराजने चहा विचारला आणि पाकिटे जमा करून घेतली.

कलम पाच : पाकीट अमान्य झाल्यास ग्राहकाच्या शरीराचा पुरावा घ्यावा. (कलम तीन व चार छपाईत राहून गेली आहेत. ती लागू आहेत.)

शरीराच्या दंडाला पट्टा बांधला. दाब अगदी बरोबर भरला.

"अभिनंदन, मावशी. म्हणजे गोळी अजून अंगात शिल्लक आहे."

"मग मी कवा येऊ?"

"दाब वाढला की या."

"दुकानातनं आणली तर?" आकारामांनी विचारले.

"तर गरज भागली म्हणायची. मग ती गोळी पॉलिसीतून कायमची वगळू."

सुलाबाई नियम पाळणाऱ्या बाई. त्या घरी जाऊन दाब वाढायची वाट पाहू लागल्या. पाकिटे कार्यालयात अडकलेली, म्हणून माळ्यावरची गोफण काढून दिवसभर पाखरे हाणू लागल्या. दाबाने सहकार्य केले. कान तापले, डोके जड झाले, तशा त्या हरखून साताऱ्याला गेल्या.

"वाढला बघ, लेकरा."

"वाढलाय," यशराज हळहळला. "पण मधे गोळी बंद होती ना? म्हणजे उपचारात खंड पडला. हा आजार आता नवा धरावा लागेल. नव्या आजाराच्या गोळीसाठी थांबावं लागतं."

"आजार त्योच हाय की रं."

"तोच असेल तर जुना. जुन्या आजाराची गोळी शिल्लक असल्याची आमच्याकडे नोंद आहे. चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी सुलाबाईंनी गोफण फिरवायला उजवा हात उचलला. तो उचलला गेला नाही. दगड पायाशी पडला. पाखरे आपली खात राहिली.

इथून पुढे कंपनीने कमालीची तत्परता दाखवली. यशराज स्वतः गोळ्या घेऊन घरी आला. विशेष बाब म्हणून मंजुरी मिळाली होती. फक्त पोचपावती हवी होती.

कलम तीन (आता सापडले) : ग्राहकाने उजवा अंगठा स्वतःहून उचलून ठसा द्यावा.

"मी धरतो की तिचा हात," आकाराम म्हणाले.

"इथं 'स्वतःहून' लिहिलंय, आबा."

सुलाबाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिले. बोलल्या काहीतरी, पण तोंड वाकडे झाल्याने ते नोंदवता आले नाही. यशराजने गोळ्या पिशवीत परत ठेवल्या. या खेपेला चहा त्याला कुणी विचारला नाही.

वर्ष सरताना कंपनीने सर्व ग्राहकांच्या मोबाईलवर संदेश पाठवला : औषधांची मागणी घटल्यामुळे यंदा तुमचा हप्ता वाढवलेला नाही.

तुम्हालाही आला होता. तुम्ही लगेच उत्तरादाखल अंगठा पाठवलात. उजवा. स्वतःहून.