ब्रेकसरांची बोटं

“अंग सैल सोडा,” थेरपिस्ट म्हणाली, आणि ब्रेकसरांनी दातओठ आवळून अंग सैल सोडायला सुरुवात केली.

त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या. पट्ट्यांची वायर टेबलावरच्या डबीत गेली होती आणि डबी टूंऽऽ करत होती. मन ताणलं की बोटांना बारीक घाम येतो, घाम आला की डबीचा सूर चढतो, मन निवलं की उतरतो. आपल्या आत काय चाललंय ते कानांनी ऐकायचं आणि सूर खाली आणायला शिकायचं, एवढाच उपचार. समोरच्या पडद्यावर एक रेघही दिसत होती. ब्रेकसर तिच्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघत होते, आणि रेघ वर वरच चालली होती.

“प्रयत्न करू नका हो,” ती म्हणाली.

“नाही करत,” ब्रेकसर म्हणाले, आणि प्रयत्न न करण्याचा जोरदार प्रयत्न करू लागले.

बावीस वर्षं ते मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्यावरून सरांचा पाय कधी उठलाच नाही, म्हणून शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकसर म्हणत. तोंडाने मात्र त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. गाडी विजेच्या खांबाकडे निघाली तरी ते “छान, छान, जरा उजवीकडे घेऊ या” एवढंच म्हणत. जे तोंडातून बाहेर पडलं नाही ते आधी जबड्यात जाऊन बसलं, मग मानेत, आणि शेवटी रक्तदाबात. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी आकडा बघून पेन खाली ठेवलं.

“एकशे साठवर शंभर. गोळ्या घ्या आणि हा उपचारही करा. दीड महिन्यात खाली आला नाही, तर शिकवायला फिट आहात असं मी लिहून देणार नाही.”

शिकवण्याखेरीज सरांना दुसरं काही येत नव्हतं. त्या दिवसापासून, रक्तदाब वाढेल या धास्तीने त्यांचा रक्तदाब वाढू लागला.

थेरपिस्टने तळहाताएवढी एक डबी घरी दिली. “सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं शांत बसायचं. जितकी सवय होईल तितकं चांगलं.” सरांनी शेवटचं वाक्य तेवढं मनावर घेतलं. डबी शर्टाच्या खिशात आणि पट्ट्या बोटांना, अशा थाटात ते दिवसभर वावरू लागले.

घरी मेहुणा आला होता. चार दिवसांसाठी आला होता आणि तिसरा आठवडा चालू होता. माणूस भला, पण सकाळी बाथरूममध्ये शिरला की गाण्याची तिन्ही कडवी संपल्याशिवाय बाहेर येत नसे, आणि सर टॉवेल घेऊन दाराशी ताटकळत.

“भावजी, उद्या निघावं म्हणतो,” जेवताना तो म्हणाला.

डबीने असा सूर लावला की बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. सरांना एकदम आशा वाटली होती. पण डबीला आशा कळत नव्हती की दुःख. तिला फक्त घाम कळत होता.

“बघितलंस?” बायको भावाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “बोलत नाहीत हे, पण तू जाणार म्हटल्यावर काय झालं बघ.”

“मग राहतो अजून आठवडाभर,” मेहुणा गहिवरून म्हणाला.

डबी शिट्टी मारू लागली.

“आनंद झाला तरी वाजते वाटतं,” बायको म्हणाली आणि तिने सरांच्या पानात जास्तीची पोळी वाढली.

घरात सूर उतरत नाही म्हटल्यावर सरांनी सराव गाडीत करायचं ठरवलं. त्या महिन्यात त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला आल्या होत्या. त्यांना सगळेच बाई म्हणत. यजमानांची नजर अधू झाल्यामुळे गाडी दारात पडून होती, आणि त्यांना दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं तर बाईंनाच स्टिअरिंग धरणं भाग होतं. शाळेच्या व्हरांड्यातून चालाव्यात तशी त्या गाडी चालवत: आडवं येईल ते आपोआप बाजूला होईल, या खात्रीने.

पहिल्याच चौकात डबी किंचाळली.

“हे काय वाजतंय?” बाईंनी विचारलं. प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांची सवय होती, म्हणून रस्ता सोडून त्यांनी सरांकडे पाहिलं. डबी आणखी चढली.

‘तुमच्या चालवण्याने मला घाम फुटलाय’ असं सांगणं सरांच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं. “गाडीत नवीन यंत्र बसवलंय,” ते म्हणाले. “काही चुकायला लागलं की वाजतं.”

“उत्तम,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी सूर उतरेपर्यंत वेग कमी केला.

त्या दिवसापासून बाई कानांनी गाडी चालवू लागल्या. सूर चढला की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, फारच चढला की ब्रेक लावायचा, उतरला की पुढे जायचं. आठवड्यात त्यांची गाडी सरळ रेषेत धावायला लागली. त्यांनी ही गोष्ट चौघींना सांगितली. लगेच लोक ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडे ‘ती वाजणारी गाडी’ मागू लागले. मालकांनी काही न विचारता काचेवर ‘चूक सांगणारी गाडी’ असं रंगवून घेतलं आणि सगळे नवशिके सरांच्या वाट्याला दिले. सरांना वाटलं आता संपलं आपलं. पण झालं उलटंच. सूर चढला की जो तो आपणहून वेग कमी करी, आणि वेग कमी झाला की सरांना खरोखर बरं वाटे. चौथ्या आठवड्यात पडद्यावरची रेघ खाली आली.

“घरी छान सराव करताय,” थेरपिस्ट म्हणाली. डबी थोडीशी वाजली.

पाचव्या आठवड्यात बाईंची परीक्षा होती. परीक्षेला गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच असते, पण शेजारी परीक्षक बसतो आणि शिकवणारा आरटीओच्या मैदानाच्या कडेला उभा राहतो. ही साधी गोष्ट सरांच्या लक्षात आली ती गाडी फाटकातून रस्त्यावर गेल्यावर. खिशातली डबी इतक्या जोरात वाजायला लागली की रांगेतले उमेदवार आपापले फोन तपासू लागले.

गाडी आठ मिनिटांत परत आली. यायला हवी होती पंधरा मिनिटांनी. परीक्षक दार उघडून उतरले आणि थोडा वेळ बॉनेटला धरून उभे राहिले. मग कागदावर ‘नापास’ लिहून आत निघून गेले.

“मला कळत नाही,” बाई म्हणाल्या. “अख्ख्या रस्त्यात एकदाही वाजलं नाही. मला वाटलं, आज सगळं अचूक चाललंय, म्हणून जरा वेगात घेतली.”

सरांनी पट्ट्या बांधलेला हात पुढे केला. “बाई, यंत्र गाडीत नाही. हे माझं आहे. माझ्या उपचाराचं.”

“म्हणजे इतके दिवस वाजत होतात ते तुम्ही?”

“हो.”

“तोंडाने का नाही सांगितलंत?”

“शिकणारा बिचकतो. वाईट वाटतं त्याला.”

“आणि आत्ता नापास होऊन मला बरं वाटलं असेल,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः सरांच्या बोटांच्या पट्ट्या सोडल्या, डबीभोवती नीट गुंडाळल्या आणि सगळं त्यांच्या खिशात ठेवलं. “उद्यापासून तोंडाने वाजायचं.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकात सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला. “बाई,” ते म्हणाले, “भीती वाटतेय.”

“कितपत?”

“थोडी.”

बाईंनी वेग कमी केला. “आता?”

“आता बरं आहे.”

इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सरांनी ते त्याच दिवशी घरी करून पाहिलं. पान वाढलं होतं, मेहुणा अजूनही समोरच होता. सर त्याच्याकडे न बघता, पाण्याच्या भांड्याकडे बघत म्हणाले, “तू आता आपल्या घरी जावंस असं मला वाटतं.”

बायकोने डोळे वटारले. मेहुण्याने मात्र मोठा श्वास सोडला. “सुटलो, भावजी. मी केव्हाचा निघायचं म्हणतोय. पण तुमची ती अवस्था बघून पाय निघेना.”

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी आकडा बघितला. एकशे तीसवर चौऱ्याऐंशी. त्यांनी पेन उचललं, आणि सर दवाखान्यातून बाहेर पडले ते पायऱ्यांवर दोनदा थांबून कागद वाचत.

महिन्याभराने बाई पुन्हा परीक्षेला बसल्या. परीक्षक तेच होते. गाडीत बसताना बाईंनी त्यांना बजावलं, “भीती वाटली की सांगायचं. संकोच करायचा नाही.” या वेळी गाडी पूर्ण पंधरा मिनिटांनी आली आणि आखलेल्या चौकटीत नेमकी उभी राहिली. बाई पास झाल्या.

परीक्षक सरांना बाजूला घेऊन गेले. “चालवतात चांगलं आता,” ते हळूच म्हणाले. “त्यांनी दोनदा विचारलं, मी ‘थोडी’ म्हणालो. दुसऱ्या वेळची भीती थोडी नव्हती.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“कसं सांगणार? चौथीला मी त्यांच्या वर्गात होतो. त्यांना आठवत नाही. गेल्या वेळी नापास केलं, तर मला आठवडाभर जेवण गेलं नाही.”

सर समजुतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार, एवढ्यात गाडीची काच खाली झाली.

“तिकडे काय कुजबुज चाललीय?” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू येईल असं बोला.”

दोघंही ताठ उभे राहिले.

“काही नाही, बाई,” दोघं एकदमच म्हणाले.