गोदाक्काला मामा नव्हता

मुलांनो, एका जंगलात पाणी कमी होतं आणि मोबाइल भरपूर होते.

मोबाइल कुठून आले ते विचारू नका. त्या जंगलात रस्ता आला नव्हता, दवाखाना आला नव्हता, पण मोबाइल आले होते. आणि प्रत्येक मोबाइलवर एकच खेळ होता. त्याचं नाव पाताळगड.

खेळ असा. सुरुवातीला तुम्ही एक फाटका शिपाई असता. हातात लाकडी तलवार. गडाच्या पायथ्याशी मोठाले भुंगे फिरत असतात. ते मारायचे. भुंगे मारले की गुण मिळतात. गुण साठले की लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की वरच्या मजल्यावरच्या राक्षसांना हात घालता येतो. सगळ्यात वरची लेव्हल नव्याण्णव. तिच्यावर फक्त आकाश.

वाघमहाराजांना हा खेळ फार आवडायचा. म्हणून त्यांनी फर्मान काढलं. उन्हाळ्यात डोहावर भांडणं होतात, तर यापुढे रांग लावायची. ज्याची लेव्हल मोठी, तो पुढे. कुणालाही हे विचित्र वाटलं नाही. आधी ज्याचे दात मोठे तो पुढे असायचा. त्या मानाने जंगल बरंच सुधारलं होतं.

या जंगलात गोदाक्का नावाची सायाळ राहायची. अंगभर काटे आणि स्वभाव सरळ. ती पाताळगड एकटी खेळायची. कुणाच्या टोळीत नाही, कुणाच्या मागे नाही. चुलीवरचे कंद करपले तरी तिची मान वर व्हायची नाही.

"अगं, मी समोर बसलोय," तिचा नवरा म्हणायचा. "जरा माझ्याकडेही बघ."

"तू भुंगा आहेस का?" गोदाक्का विचारायची.

असे किती पावसाळे गेले. बोटांना घट्टे पडले. पण गोदाक्का रांगेच्या मध्यावर पोचली. सांबरांच्या मागे, सशांच्या पुढे. तिथपर्यंत पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असायचं. पिताना तिला वाटायचं, हा घोट माझा आहे. मी कमावलेला आहे.

रांगेच्या शेवटी नथू ससा असायचा. त्याची बायको आणि खंडीभर पोरं. त्यांची पाळी येईपर्यंत डोहाच्या काठाला नुसता गाळ उरायचा. नथूही खेळायचा, नाही असं नाही. पण ससा दिवसभर जिवाच्या भीतीने पळत असतो, आणि पळता पळता भुंगे मारता येत नाहीत.

शेवटी एक दिवस नथू दंताजीकडे गेला. दंताजी हे रानडुक्कर. त्याची लेव्हल केव्हाच नव्याण्णव झालेली. मारायला नवं कुणी उरलं नव्हतं आणि बोलायला जुनं कुणी नव्हतं. तो नुसता चिखलात पडून जांभया देत असे.

"दादा, मला तुमच्या टोळीत घेता का?" नथूने विचारलं.

"तुला काय येतं?"

"लपता येतं."

"मग लप," दंताजी म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी उठून बसला.

आता खेळाचा एक नियम होता. टोळीतल्या एकाने राक्षस मारला की गुण अख्ख्या टोळीला. दंताजी राक्षस मारत गेला. नथू गडावरच्या एका शिळेमागे बसून राहिला आणि गुण घेत गेला. आंब्याला मोहोर होता तेव्हा तो शेवटचा होता. कैऱ्या धरल्या तेव्हा तो डोहावर गोदाक्काच्या पुढे उभा होता.

"नथ्या, रांग चुकलास," गोदाक्का म्हणाली.

"नाही आक्का. लेव्हल बघा."

गोदाक्काने बघितली. तिचे काटे एकेक करून उभे राहिले. "ही कुठून आणलीस?"

"दंताजीदादांनी वर नेलं."

"म्हणजे तू काहीच केलं नाहीस?"

"लपलो की! राक्षस काय लहान असतात? ते मारत होते, पण भीती सगळी मलाच वाटत होती."

"ही लबाडी आहे!"

"लबाडी कशी आक्का? खेळानेच दिलेले गुण आहेत. मी तुमचा एक तरी भुंगा नेला का?"

"भुंगा नाही नेलास. पाणी नेलंस. तू एक जागा पुढे आलास, म्हणून मी एक जागा मागे गेले."

नथूने पोरांकडे बघितलं. ती काठावर वाकली होती. आजवर त्यांनी फक्त गाळ बघितला होता. स्वच्छ पाण्यात त्यांना स्वतःची तोंडं दिसली आणि ती खुदुखुदु हसू लागली. गोदाक्काला ते दिसलं. आत कुठेतरी टोचलंही. पण ती फार रागावली होती, आणि रागावलेल्या सायाळीला टोचलेलं लवकर कळत नाही.

ती तडक वाघमहाराजांच्या दरबारात गेली. नथूला आणि दंताजीलाही बोलावणं गेलं.

दिवाणजी होते हसबे. हे तरस. प्रत्येक गोष्टीवर हसायचे, पण फर्मान मात्र गंभीर लिहायचे.

गोदाक्काने सगळं सांगितलं. "महाराज, मी एकेक भुंगा मारून इथवर आले. हा शिळेमागे बसून आला. मग याची लेव्हल माझ्यापेक्षा मोठी कशी?"

"रास्त आहे," महाराज म्हणाले. "स्वतःच्या पंजाने जे मिळवलं नाही, ते आपलं नाही. नथू, तुला काही म्हणायचंय?"

 नथूच्या डोळ्यांपुढे पोरांची तोंडं होती. तो म्हणाला, "महाराज, एक शंका. युवराजांची लेव्हल किती?"

महाराजांच्या शेजारी राणीसाहेबांच्या कुशीत युवराज दूध पीत होते. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते.

"नव्याण्णव," हसबे हसत म्हणाले, आणि मग त्यांचं हसू थांबलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

 महाराजांनी हसब्यांकडे बघितलं. हसब्यांनी छताकडे बघितलं. मग खाकरून निकाल वाचला, जो अजून लिहिलेलाही नव्हता.

"परक्याने वर नेलं, तर ती लबाडी. नात्यातल्याने वर नेलं, तर तो संस्कार."

गोदाक्का जिंकली होती. तिने मान ताठ केली. तेवढ्यात नथूने गिरकी घेतली आणि भर दरबारात दंताजीच्या पायांवर लोळण घेतली.

"मामा!"

दंताजी बघतच राहिला. रानडुकराला जन्मात कुणी मामा म्हटलं नव्हतं. लोक त्याला बघून झाडावर चढायचे. त्याचे डोळे भरून आले. "भाच्या," तो कसाबसा म्हणाला आणि मुसकटाने नाक पुसलं. डुकराचं मुसकट आणि नाक एकच असतं, पण गहिवरल्यावर इतकं कोण बघतं?

मग काय! दुसऱ्या दिवशी सांबरं आली, मोर आले, बेडकं आली. सगळे दंताजीचे भाचे. एक म्हातारं माकड तर त्याच्या आजोबांच्या वयाचं होतं, तेही "मामा" म्हणून गळ्यात पडलं. दंताजी राक्षस मारी आणि शिळेमागे इतकी गर्दी होई की शिळाच दिसेना. कैऱ्या पिकल्या तोवर अख्खं जंगल नव्याण्णव झालं. आता रांगेचं काय करायचं? हसब्यांनी सोय काढली. लेव्हल सारखी असेल, तर जो मामाचा आधीचा भाचा, तो पुढे.

उरली एक गोदाक्का. रांगेत शेवटची.

दंताजी स्वतः तिच्या बिळाशी आला. "ताई, तूही चल. एकदा दादा म्हण, बास. मला कष्ट नाहीत."

"दादा तुला मी म्हणेन," गोदाक्का म्हणाली. "राखीपौर्णिमेला म्हणेन. लेव्हलसाठी नाही म्हणायची."

नवरा गाळ गाळून पीत होता. म्हणाला, "अगं, म्हणून टाक की. जिभेला काय हाड आहे?"

"तुझ्या नसेल. माझ्या आहे."

ती पुन्हा मोबाइल घेऊन बसली. भुंगे संपले. ती वर चढली. कुठला राक्षस डावीकडे वळतो, कुठला वार करण्याआधी डोळे मिटतो, कुठला नुसताच ओरडतो, सगळं तिला कळू लागलं. ती हरली, मेली, पुन्हा पायथ्याशी आली, पुन्हा चढली. असे आणखी काही पावसाळे गेले. मग एका वर्षी उन्हाळा टोकाला पोचला आणि डोह ताटाएवढा झाला, त्या दिवशी मोबाइलमधून सनई वाजली.

नव्याण्णव.

गोदाक्का रडली. नवरा म्हणाला, "आता तरी बघ माझ्याकडे." तिने बघितलं. तो बराच म्हातारा झाला होता.

ती डोहावर गेली आणि रांगेत पुढे उभी राहिली. हसब्यांनी अडवलं.

"मामा कोण?"

"मला मामा नाही."

"मग वर कुणी नेलं?"

"मीच आले."

"एकटी?" हसबे हसू लागले. सगळी रांग हसू लागली. "आक्का, एकट्याने कुणी वर जातं का? खरं सांगा, काय लबाडी केलीत?"

"मी खरंच..."

"साक्षीदार?"

गोदाक्काने रांगेकडे बघितलं. सांबरांनी शिंगं खाली घातली. नथू आपल्या पायांकडे बघत राहिला. मागून दंताजी पुढे आला. "मी बघितलंय तिला खेळताना. ती खरी आहे."

"तुम्ही हिचे कोण?"

"कुणी नाही."

"मग परक्याची साक्ष कशी धरायची?" हसब्यांनी शिक्का मारला. चौकशी होईपर्यंत गोदाक्काची लेव्हल गोठवली. जागा, रांगेच्या शेवटी.

सगळे पिऊन गेल्यावर नथू पळसाच्या पानांच्या द्रोणात पाणी घेऊन आला. स्वच्छ होतं. वाटेत निम्मं सांडलं होतं.

"आक्का, घ्या."

"साक्ष का नाही दिलीस?"

"पोरं रांगेत होती आक्का. माझं नातंही कुणी विचारलं असतं तर?"

 गोदाक्काने द्रोण घेतला. रागावलेल्यालाही तहान लागतेच, मुलांनो. निम्मं ती प्यायली, निम्मं नवऱ्याला दिलं.

चौकशी समिती नेमली गेली. समितीवर सगळे निःपक्षपाती सभासद होते. सगळे दंताजीचे भाचे.

तात्पर्य: मुलांनो, कष्ट जरूर करावेत, पण करताना एखादा मामा शेजारी बसवून ठेवावा. म्हणजे आपले कष्ट कुणाला लबाडी वाटत नाहीत.